शाळेचा इतिहास लिहायचं काम गळ्यात पडलंय? आधी जनरल रजिस्टर उघडा

बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "शाळेला साठ वर्षं होतायत, स्मरणिका काढूया", त्यावर वीस-पंचवीस अंगठे पडतात, दोघंतिघं जुना धुरकट ग्रुप फोटो टाकतात, आणि मग एकजण लिहितो, "अरे तू लिहितोस ना काहीतरी, तूच घे की इतिहासाचं". झालं. माझं असंच झालं. आमची शाळा मुंबईच्या गिरणगावातली, महापालिकेची, दोन पाळ्यांत भरणारी. मला वाटलेलं पंधरा दिवसांचं काम आहे, दोन माजी मुख्याध्यापकांना भेटायचं, चार फोटो स्कॅन करायचे, वर "ज्ञानगंगेचा अखंड प्रवाह" असलं काहीतरी हेडिंग ठोकायचं की मोकळे. सात महिने लागले. त्यातले पहिले दोन महिने तर मी चुकीच्याच गोष्टी गोळा करत होतो, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, पुढच्याचा वेळ वाचेल.

हे मुख्यतः सरकारी किंवा महापालिकेच्या शहरी हायस्कूलसाठी आहे. खासगी संस्थांचं बरं असतं, संस्थापकांचा तैलचित्राचा फोटो असतो, वार्षिक अहवाल असतात, कार्यकारिणीची मिनिटबुकं असतात. आपल्याकडे एक लोखंडी कपाट असतं आणि त्याची चावी शिपाई मामांकडे असते.

कपाटापर्यंत पोचायचं कसं

मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, एका पानाचा. कशासाठी हवंय, कोणकोणती रजिस्टरं बघायची, शाळेतच बसून बघणार, बाहेर नेणार नाही, एवढं स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ही पोच फार महत्त्वाची, कारण सरकारी शाळेत मुख्याध्यापकांची बदली होते आणि नवीन बाई आल्या की तुम्ही पुन्हा शून्यावर. मुख्याध्यापक म्हणाले की वरून परवानगी आणा, तर तोच अर्ज शिक्षण विभागाच्या ऑफिसात द्यायचा.

माहितीच्या अधिकाराचं हत्यार लगेच काढू नका. २००५ चा कायदा आहे, अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, ३० दिवसांत उत्तर, सगळं बरोबर आहे, पण आरटीआय टाकला की शाळेतले लोक तुमच्याकडे आपला माजी विद्यार्थी म्हणून बघायचं थांबवतात आणि तुम्ही "तो अर्जवाला" होता. क्लार्क काकांबरोबर दोन चहा जास्त उपयोगी पडतात. आणि शिपाई मामा. आमच्याकडे ऑफिसमधून तीनदा सांगण्यात आलं की जुनी रजिस्टरं पावसात गेली, आणि मामांनी चौथ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीतून गोणपाटात बांधलेली सहा रजिस्टरं काढून दिली, वर म्हणाले, "आधी मला का नाय विचारलं?"

काय काय मागायचं ते आधी ठरवून जा. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं पुस्तक, ते तर पाहिजेच. मग तपासणीला साहेब यायचे त्यांचं शेरेबुक, शिक्षकांचे हजेरीपट, डेडस्टॉक रजिस्टर, निकालपत्रकं, आणि बक्षीस समारंभाच्या पत्रिका असतील तर त्या. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदींना, हसू नका. बाकं किती घेतली, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक किती आले, हार्मोनियम कधी आली आणि कधी "निर्लेखित" झाली, म्हणजे यादीतून काढून टाकली, हे त्यातच कळतं. एखाद्या शाळेत गाण्याचा तास कधी मेला हे शोधायचं असेल तर हार्मोनियमची नोंद बघा, कुठल्याही भाषणापेक्षा खरी असते.

स्थापनेचं साल, म्हणजे पहिलं भांडण

इथे सगळ्या कमिट्या फुटतात. कारण शाळेला एक जन्मतारीख नसतेच. वर्ग भरायला सुरुवात कधी झाली ही एक तारीख, माध्यमिकची मान्यता कधी मिळाली ही दुसरी, इमारतीची कोनशिला ही तिसरी, आणि पहिली बॅच बोर्डाला कधी बसली ही चौथी. आमच्या इमारतीत प्राथमिक शाळा खूप आधीपासून होती, हायस्कूलचे वर्ग नंतर एकेक करून वर चढले, म्हणून एक गट म्हणे नव्वदी साजरी करा, दुसरा म्हणे साठी.

मोठ्या मोठ्या शाळांचंही असंच आहे. मुंबईचं एल्फिन्स्टन घ्या. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली गव्हर्नरकी सोडून निघाले तेव्हा शहरातल्या लोकांनी त्यांच्या नावानं शिक्षणासाठी निधी जमवला, त्याच्या आधीपासून नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा चालूच होती, पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन झाली, आणि १८५६ साली कॉलेज आणि हायस्कूल वेगळे झाले. आता सांगा हायस्कूलचा वाढदिवस कधीचा? तुम्ही कुठलं साल धरता त्यावर शाळेचं वय तीसेक वर्षांनी पुढेमागे होतं.

माझा तोडगा असा: सगळ्या तारखा छापा, प्रत्येकीसमोर ती कशाची तारीख आहे ते लिहा, आणि सोहळा ज्या तारखेचा आहे ती ठळक करा. "इतिहासात एकच तारीख पाहिजे" म्हणणाऱ्यांना विचारा की तुमचा स्वतःचा वाढदिवस खरा किती तारखेला. अर्ध्या लोकांचा कागदोपत्री १ जून निघेल, कारण जूनमध्ये शाळेत घालताना गुरुजींनी तोच टाकला. जनरल रजिस्टरमध्ये तुम्हाला १ जूनची रांगच्या रांग दिसेल, त्यावर एक चौकट नक्की करा, लोक ती आधी वाचतात.

जनरल रजिस्टर वाचायचं कसं

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, त्यामुळे इथे जरा थांबतो.

लांबलचक जाड बांधणीचं पुस्तक असतं, एका मुलाला एक आडवी ओळ. रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, कुठल्या इयत्तेत दाखल झाला, कधी सोडली, कुठल्या इयत्तेतून सोडली, प्रगती, वर्तणूक, आणि सोडण्याचं कारण. काही शाळांत पालकाचा व्यवसाय आणि पत्ताही असतो. शाळा सोडल्याचा दाखला यावरूनच बनतो, म्हणून बाकी सगळं रद्दीत गेलं तरी हे सहसा टिकलेलं असतं.

एका ओळीत किती मावतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण साताऱ्याचं. तिथलं तेव्हाचं सरकारी हायस्कूल, म्हणजे आताचं प्रतापसिंह हायस्कूल, तिथे ७ नोव्हेंबर १९०० ला एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला, रजिस्टरला नाव भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४. त्या एका ओळीमुळे २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस झाला. आता यातून आपल्या कामाच्या गोष्टी बघा. एक, १९१४ हा नंबर आहे हं, साल नाही, जुन्या रजिस्टरात असे चार आकडी नंबर सालासारखे दिसतात आणि फोटोवरून घाईघाईत टाइप करणारा हमखास घोळ घालतो. दोन, जगाला माहीत असलेलं नाव तिथे नाही, तिथे "भिवा" आहे, म्हणजे तुम्ही एखादा नामवंत माजी विद्यार्थी शोधत असाल तर घरच्या नावानं, बापाच्या नावानं, जुन्या आडनावानं शोधा. तीन, "इंग्रजी पहिली" म्हणजे आत्ताची पहिली नाही. आधी मराठी चार इयत्ता, मग इंग्रजी पहिली ते सातवी, आणि ती सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणजे इंग्रजी पहिली आजची पाचवी, इंग्रजी चौथी आजची आठवी. शाळा स्वातंत्र्याआधीची असेल तर हे कोष्टक आधी भिंतीवर चिकटवा. शेवटची गोष्ट, त्या ओळीत काय नाहीये. बाबासाहेबांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय की वर्गात त्यांना वेगळं गोणपाट घेऊन बसावं लागायचं आणि नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. रजिस्टरमध्ये वर्तणूक, प्रगती सगळ्याला रकाना असतो, पण पाणी कोणाला मिळालं याला रकाना नसतो. ते माणसांना विचारावं लागतं, त्याच्यावर पुढे येतो.

मी काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा मी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला लागलो, आठवड्यात डोळे गेले. मग दर पाच वर्षांतलं एकच वर्ष घेतलं आणि त्या वर्षी दाखल झालेली सगळी पोरं एक्सेलमध्ये टाकली. पत्ता, पालकाचा व्यवसाय, आधीची शाळा, सोडण्याचं कारण, एवढेच चार रकाने. नावं टाकलीच नाहीत. दोन रविवारात झालं आणि अचानक शाळा दिसायला लागली.

व्यवसायाचा रकाना बघा फक्त. सुरुवातीच्या पानांवर "गिरणी कामगार" इतक्या वेळा आहे की क्लार्कनं पुढे नुसतं "गि. का." लिहायला घेतलं, मग तेही कंटाळून खाली टिंबं काढलीत. गिरणीतलं खातं पण लिहिलंय काही ठिकाणी, साचा खातं, कांडी खातं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि रजिस्टरमध्ये त्या वर्षी काहीच बदलत नाही, अजूनही गि. का. च. कारण सगळ्यांना वाटत होतं परत जाणार. बदल दिसतो त्याच्या दोन-तीन वर्षांनी, एकीकडे सोडण्याच्या कारणात "परगावी गेले", "गावी गेले", दुसरीकडे व्यवसायात वॉचमन, भाजीविक्री, घरकाम (तिथे पहिल्यांदा आईचा व्यवसाय दिसतो), मग ड्रायव्हर, सिक्युरिटी. संपावर एवढं लिहिलं गेलंय, पण मला तो कळला तो या निळ्या शाईच्या रकान्यात.

तुमची शाळा दुसऱ्या शहरात असेल तर रकाना वेगळी गोष्ट सांगेल, रेल्वे कॉलनी असेल, लष्करी छावणी असेल, एमआयडीसी असेल. पद्धत तीच.

अक्षराचं म्हणाल तर, फार जुन्या शाळांत मोडीत नोंदी किंवा सह्या सापडतात, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस गाठा, अंदाजानं वाचू नका. शक सालात तारीख असेल तर ७८ मिळवा, म्हणजे शके १८२२ म्हणजे इसवी सन १९००, फक्त गुढीपाडव्याच्या आधीचे महिने असतील तर ७९ धरायचे.

फोटो काढताना

पटापट सांगतो. रजिस्टर झेरॉक्सला अजिबात देऊ नका, काचेवर दाबलं की बांधणी तुटते. खिडकीजवळ टेबल घ्या, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला सरळ समांतर. थुंकी लावून पान उलटायचं नाही (हे माजी विद्यार्थ्यांना सांगावं लागतं, खरंच). फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, काही वर्षांत ती पिवळी होऊन अक्षर खाते. लॅमिनेशन तर नकोच नको. कसर लागलेली असेल तर आधी मऊ ब्रशनं झाडा. फाइलला नाव देताना रजिस्टर क्रमांक आणि पान क्रमांक टाका, नाहीतर आयएमजी अमुक-तमुक अशा नऊशे फाइली होतात आणि तुम्ही आयुष्याला कंटाळता. ग्रुपवरून फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे मोठ्या अक्षरात लिहा, कारण साधा पाठवला की व्हॉट्सॲप त्याची धूळधाण करतं आणि छापताना चेहऱ्याच्या जागी बटाटे येतात.

शाळेबाहेर कुठे शोधायचं

मुंबईत असाल तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, शिक्षण खात्याचे जुने कागद तिथे मिळतात, पुण्यात पुराभिलेखाचं पेशवे दफ्तर आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (शिक्षणाबद्दल विलायतेहून आलेला आदेश) सरकारी शिक्षण खातं उभं राहिलं, त्यामुळे त्याच्यापुढच्या सरकारी हायस्कुलांचा पत्रव्यवहार कुठे ना कुठे असतोच. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शिक्षणाचं प्रकरण असतं, तिथे शहरातल्या शाळांचा उल्लेख मिळतो. मॅट्रिकच्या काळातल्या शिष्यवृत्त्यांसाठी मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नाही, जाडजूड वार्षिक पुस्तक असतं. चिंतामणराव देशमुखांना १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली, अशा गोष्टी पक्क्या करायच्या तर त्या पुस्तकांत.

आणि वर्तमानपत्रं. एशियाटिक सोसायटी, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८ पासूनचं आहे ते), तिथे जुन्या फायली मिळतात. लोकसत्ता १९४८ चा, महाराष्ट्र टाइम्स १९६२ चा, त्यामुळे आपल्यासारख्या शाळांना तेवढा काळ पुरतो. जून महिन्याच्या फायली मागवा, निकाल तेव्हाच लागायचे आणि पेपरात नंबर छापून यायचे.

कर्तृत्वाचा भाग, म्हणजे दुसरं भांडण

हॉलमध्ये लाकडी सन्मानफलक असतो, सोनेरी अक्षरात नावं. त्यावर विश्वास ठेवून मी सगळं उतरवून घेतलं आणि मग तोंडावर आपटलो. फलकावर एकाच्या पुढे "बोर्डात चौथा" होतं, पेपरात तो विभागाच्या यादीत सापडला आणि तेही चौथा नाही, चौदावा. पेंटरनं एक खाल्ला होता बहुतेक, आणि चाळीसेक वर्षं कोणी बोललं नाही, तो माणूस स्वतःसुद्धा नाही!

तेव्हा "बोर्डात आला" म्हटलं की तीन प्रश्न विचारा: कुठलं बोर्ड, कुठला विभाग, कुठलं साल. आधी मॅट्रिक विद्यापीठाची होती. १९४९ पासून एसएससी. १ जानेवारी १९६६ ला राज्य मंडळ आलं आणि खाली विभागीय मंडळं, आता ती नऊ आहेत. म्हणजे पुणे विभागात पहिला आणि राज्यात पहिला यात जमीन-अस्मानाचा फरक. १९७५ साली तर जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वर्षी बाहेर पडली, तेव्हा त्या सालचा निकाल सांगताना कोणता निकाल ते लिहा, आमच्या स्मरणिकेत दोन्ही बॅचेस "आम्हीच पंच्याहत्तरच्या" म्हणून भांडत होत्या आणि दोन्ही बरोबर होत्या. पुढे गुणवत्ता यादीच बंद झाली, त्यामुळे अलीकडच्या पोरांना "बोर्डात या" म्हणण्यात अर्थ नाही. स्कॉलरशिपचंही तसंच, आपल्या वेळी चौथी आणि सातवीला असायची, २०१७ च्या परीक्षेपासून पाचवी आणि आठवीला गेली, कोष्टकात एकत्र टाकू नका.

आता "शंभर टक्के निकाल". हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं आणि माझं स्पष्ट मत आहे की नुसतं असं छापूच नये. समजा आठवीला १२० पोरं होती, नववीत ९५ उरली, दहावीला शाळेतर्फे ६० बसली आणि ६० पास झाली, तर निकाल शंभर टक्के, बरोबर. मधली ६० कुठे गेली? काही गावी गेली, काही कामाला लागली, काही नववीला नापास झाली आणि काहींना गोड बोलून सांगितलं गेलं की तू १७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस. १७ नंबर ज्यांनी भरलाय त्यांना माहितीये. म्हणून निकालाचा आकडा द्यायचा असेल तर त्याच्या शेजारी दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट द्या. आमच्या कमिटीत यावर रात्री साडेअकरापर्यंत व्हॉइस नोट्स चालल्या. एका सरांनी मला सरळ विचारलं की तुला शाळेची बदनामी करायचीये का. मी म्हटलं सर, नापासांना घेऊन साठ टक्के आणणारी शाळा मला गाळून शंभर टक्के आणणाऱ्या शाळेपेक्षा मोठी वाटते. ते गप्प झाले पण पटलं नाही त्यांना, आणि त्यांचंही बरोबर असेल, त्यांनी वरून येणारे फोन झेललेत, मी नाही.

खेळाचा पुरावा म्हणजे स्कोअरबुक आणि बातमी, ढाल नाही. ढालीवर साल पुसलेलं असतं. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली हॅरिस शील्ड १८९७ पासून खेळली जातेय, पण शाळेच्या कपाटात ढालीची नुसती प्रतिकृती असेल तर ती विजेतेपदाची की उपविजेतेपदाची हे कोण सांगणार? फेब्रुवारी १९८८ ची तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागीदारी याच स्पर्धेतली, शालेय सामना असून आकडा जगभर गेला, कारण स्कोअरर वहीत लिहीत होता. १८९९ साली इंग्लंडात कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या शाळकरी पोरानं नाबाद ६२८ काढले, तो आकडा जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं नाबाद १००९ करून मोडला. शंभरावर वर्षं तो आकडा जिवंत राहिला तो एका शालेय स्कोअरबुकामुळे. तुमच्या पीटीच्या सरांकडे अशी वही असेल तर आधी ती गाठा, त्यांच्या घरच्या माळ्यावर असेल.

आणि कर्तृत्व म्हणजे फक्त बोर्ड आणि क्रिकेट नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना दरवर्षी किती बसले, कोणत्या बाईंनी बालनाट्य बसवलं, रात्रशाळेत शिकून कोण कुठे पोचलं, हेही शोधा. आमच्या शाळेचा एकही कलेक्टर नाही, पण बेस्टमध्ये कंडक्टर, पालिकेत नर्स, छापखान्यात कंपोझिटर असे मिळून अख्खं शहर चालवणारे लोक निघाले, त्यांना चार पानं दिली, लोकांनी तीच जास्त वाचली.

माणसांना काय विचारायचं

"तुमच्या वेळी शाळा कशी होती?" हा प्रश्न विचारलात की उत्तर ठरलेलं, "काय दिवस होते ते, आता तशी शाळा राहिली नाही". यातून एक ओळही मिळत नाही. वस्तू विचारा. घंटा कुठे होती, कोण वाजवायचं? डबा कुठे बसून खायचा? वर्गात कोण कुठे बसायचं? पाण्याचा नळ कुठे होता आणि तिथे आधी कोण जायचं? नळाचा प्रश्न मी साताऱ्याची ती गोष्ट वाचून घेतला आणि एवढा एक प्रश्न बाकी सगळ्यांवर भारी पडला. सत्तरीच्या एका काकांनी आधी "आपल्याकडे तसलं काही नव्हतं" म्हणून सांगितलं, चहा झाला, फोटो बघून झाले, आणि निघताना चपला घालत म्हणाले, "नळाला नव्हतं. पण माझा डबा कोणी खात नव्हतं." मी पुन्हा आत जाऊन बसलो. काही वेळा मुलाखत दारातच सुरू होते.

गेलात की रजिस्टरच्या त्या वर्षाच्या पानाचा किंवा ग्रुप फोटोचा प्रिंट घेऊन जा. फोटोवर पातळ बटर पेपर ठेवा, प्रत्येक डोक्यावर नंबर टाका, खाली नंबरवार नावं विचारा. दोघांनी वेगळं नाव सांगितलं तर दोन्ही लिहा. रेकॉर्डिंग करताना आधी विचारा, आणि मधे मधे "बरोबर, बरोबर" करू नका, नंतर ऐकताना आपलाच आवाज ऐकू येतो.

एक मोठी चूक माझी. पहिल्या मसुद्यात चाळीस माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी होत्या, त्यात बायका किती, तर तीन. वर्गात तर निम्म्या मुली होत्या! झालं असं की लग्नानंतर नावं बदलली, बॅचचे ग्रुप पोरांनी बनवले, मुलींचे नंबरच कोणाकडे नाहीत, आणि रजिस्टरमध्ये माहेरचं नाव. मग त्या तिघींनाच सांगितलं की प्रत्येकीनं दोघींचे नंबर द्यायचे, त्या दोघींनी अजून दोघींचे. पाच आठवड्यांत तीसच्या वर झाल्या आणि शाळेचा इतिहासच बदलला, कारण मुलांच्या आठवणीत मुतारी नव्हतीच आणि मुलींच्या आठवणीत पहिली गोष्ट तीच होती. दुपार पाळीच्या मुली दिवसभर पाणी पीत नसत, जावं लागू नये म्हणून. परत पाणीच. मग शेरेबुक पुन्हा उघडलं तर साहेबांचा शेरा तिथे होता, "मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहाची सोय तातडीने करावी", आणि तोच शेरा पुढच्या तपासणीला, आणि त्याच्या पुढच्या. तिन्ही शेरे तारखांसकट एकाखाली एक छापले, वर-खाली एक शब्द जोडला नाही.

काय छापायचं नाही

रजिस्टरच्या पानाचा फोटो जसाच्या तसा छापू नका. त्यात जात आहे, जन्मतारीख आहे, "सतत गैरहजर म्हणून नाव कमी केले" असं आहे, आणि तो माणूस आज कोणाचा तरी आजोबा आहे. आपलं स्वतःचं पान छापा हवं तर, किंवा ज्याचं त्याची लेखी संमती घ्या. मार्क कोणाचेच नाहीत. जुन्या सरांच्या माराच्या गोष्टी सगळे हसत सांगतात, त्या छापताना सरांचं नाव काढा, मार ठेवा.

लिहिताना "सुवर्णाक्षरांनी लिहिलेला", "रोपट्याचा वटवृक्ष", "ज्ञानमंदिर" हे शब्द फाइंड करून डिलीट मारा. माझ्या मसुद्यात वटवृक्ष अकरा वेळा निघाला, त्यातला एक खरा होता, मैदानातला, तो ठेवला.

शेवटचं काम कोणी करत नाही म्हणून सांगतो. स्मरणिका छापून झाली की सगळे फोटो, एक्सेल आणि रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा, एक प्रत शाळेला, एक तुमच्याकडे, एक पुढच्या बॅचमधल्या कुणाकडे तरी. शाळेला नुसता पेन ड्राइव्ह देऊ नका, तो कोणाच्या तरी बॅगेत जातो. सोबत छापील यादी द्या, कोणत्या रजिस्टरचे किती पानांचे फोटो आहेत ती, आणि ती आवक नोंदवहीत चढवून घ्या, नंबर लिहून घ्या. रजिस्टरं परत ठेवताना खालच्या फळीवर नको, पाणी तिथेच येतं. आमची आता वरून दुसऱ्या फळीवर आहेत, सुती कापडात बांधून, आणि चावी अजून मामांकडेच आहे, ते निवृत्त होतील तेव्हा कोणाला देणार ते मात्र विचारून ठेवलंय.